65,537 वी ओळ

एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत 65,537 वी ओळ नसते. 65,536 वर कागद संपतो. सरकारी आणि निमसरकारी कामांसाठी मोठमोठ्या याद्या काढून देणारे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा धंदा, आणि या एका आकड्याने मला जेवढं पळवलंय तेवढं कुठल्याही साहेबाने पळवलेलं नाही.

माझं माहेर खापर. अक्कलकुवा तालुक्यातलं, अंकलेश्वरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. थोडं पुढे गेलं की गुजरात सुरू. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या यात्रेची गर्दी याच रस्त्याने जाते. आमचे आप्पा इथल्या एका धान्य-किराण्याच्या दुकानात दिवाणजी होते. गिऱ्हाईक भिली बोलायचं, शेठ गुजराती, आणि आप्पांची वही मराठीत. लाल कापडी पुठ्ठ्याची ती लांबट वही, कागदाला उभ्या घड्या पाडून केलेले रकाने, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभराचा व्यवहार रोजमेळात, आणि तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. पान भरलं की खाली बेरीज मारायची आणि तीच पुढच्या पानाच्या माथ्यावर मांडायची. मागचं पान मग उघडावं लागत नसे. वही कितीही जाड होवो, आप्पांना एका वेळी एकच पान सांभाळायचं असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच तालुक्याचा दुसरा हिशेब तलाठ्याच्या दप्तरात. मुंबई इलाख्यात 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला, आणि पुढे गावनमुने ठरले. त्यातला सातवा आणि बारावा जोडून झालेला सातबारा घराघरात माहीत आहे. त्या नमुन्यांत कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते छापलेलंच असे, लिहिणाऱ्याच्या मर्जीवर काही नव्हतं. ही शिस्त किती मोलाची होती ते ती गेल्यावर कळलं.

ती गेली 1979 नंतर हळूहळू. त्या साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिसिकॅल्क आणलं. त्यात 254 ओळी आणि 63 रकाने होते, दुकानाच्या हिशेबाला पुरे. 1983 मध्ये लोटस 1-2-3 आलं, 1985 मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल. एक्सेलच्या 16,384 ओळी होत्या, त्या एक्सेल 97 मध्ये 65,536 झाल्या आणि 2007 मध्ये 10,48,576. हे आकडे कुणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. ओळीचा क्रमांक लिहायला दोन बाइट म्हणजे 16 बिट ठेवले की 65,536 च्या पुढे मोजताच येत नाही. 20 बिट ठेवले की दहा लाखांवर जाता येतं.

आता कोडचा भाग. शीट हाताने भरायचं तर माणूस पाच-सातशे ओळींतच थकतो. प्रोग्रॅम थकत नाही, म्हणून खरा त्रास प्रोग्रॅमने शीट काढायला लागल्यावर सुरू झाला. जावा भाषेत एक्सेल लिहिण्यासाठी 2001 च्या सुमाराला पोई नावाची लायब्ररी निघाली. तिच्या करणाऱ्यांनी एक्सेलच्या जुन्या फाइलीची रचना खोदून काढताना इतका वैताग सोसला की त्या भागाचं नावच 'भयंकर स्प्रेडशीट फॉरमॅट' अशा अर्थाचं ठेवलं. 2007 नंतर नवी एक्सएलएसएक्स फाइल आली. ही फाइल म्हणजे झिप करून ठेवलेला एक्सएमएलचा गठ्ठा. रचना वाचता येण्याजोगी झाली, पण मेमरीची भूक भडकली.

हिशेब करून पाहा. तालुक्याची लाखभर नावांची यादी, प्रत्येक नावापुढे 30 रकाने, म्हणजे 30 लाख सेल. पीएचपीमधली पीएचपीएक्सेल ही लायब्ररी एका सेलला साधारण एक किलोबाइट मेमरी घेत असे. झाले तीन जीबी. आणि पीएचपीच्या एका प्रोग्रॅमला मुळात मिळते 128 एमबी. सेलमध्ये 'होय' एवढंच लिहिलेलं असतं, पण त्या 'होय'चा फॉन्ट, रंग, चौकट, जागा हे सगळं सांभाळणारी वस्तू मेमरीत उभी राहते. पायथनच्या ओपनपायएक्सेलचे कर्तेही साधारण फाइलीच्या 50 पट मेमरी धरून चाला असं सांगतात. सर्व्हर पडायचा तो बहुधा दुपारी, कारण वरून 'आजच्या आज' असा फोन सकाळी आलेला असे.

यावरचा तोडगा पोईच्या 3.8 आवृत्तीत आला, आणि तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू फुटलं. शेवटच्या 100 ओळीच फक्त मेमरीत ठेवायच्या. 101 वी आली की पहिली डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत उतरवायची, आणि उतरवलेल्या ओळीला पुन्हा हात लावायचा नाही. आप्पांचा रोजमेळ! पायथनच्या एक्सएलएसएक्सरायटरमध्येही अशीच सोय आहे, तिथे ओळी क्रमानेच लिहाव्या लागतात. बेरीज लागेल तर ती चालता चालता स्वतःजवळ ठेवायची, मागे जाऊन मोजायची नाही.

याची किंमतही आहे. एरवी एक्सएलएसएक्स फाइलीत एकसारखे शब्द एका सामाईक यादीत एकदाच ठेवले जातात. 'अक्कलकुवा' हा शब्द यूटीएफ-8 मध्ये 27 बाइट घेतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन-तीन बाइटांचं. लाख ओळींत तो एकदाच साठवायचा तर ती यादी शेवटपर्यंत मेमरीत हवी. ओळी उतरवत जायचं तर तो लाख वेळा लिहायचा. रकान्यांची रुंदीही शेवटी सगळ्या ओळी पाहून ठरवता येत नाही. सगळ्यात लांब नाव सुरुवातीच्या ओळीत असेल तर रुंदी मोजायच्या वेळी ती ओळ मेमरीतून निघून गेलेली असते. त्यात सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसला तर मोजलेली रुंदी चुकतेच, आणि वेलांट्या-रफार कापलेली यादी थेट सभेत जाते.

मेमरीचा दोष निदान बोंबलतो तरी. प्रोग्रॅम पडतो, लाल अक्षरं येतात, कुणी तरी फोन करतं. फॉरमॅटचा दोष मुकाट्याने फाइलीत बसतो, आणि माझ्या लेखी तोच मोठा गुन्हेगार.

त्यातला एक प्रकार मात्र उघड बोलतो. लूपच्या आत प्रत्येक सेलसाठी नवी स्टाइल बनवली की जुन्या फाइलीत 4,000 च्या आसपास आणि नव्या फाइलीत 64,000 ला सगळं अडतं. स्टाइल लूपच्या बाहेर एकदा बनवून सगळीकडे तीच वापरायची, विषय संपला.

तारखेचं तसं नाही. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे नुसता दिवसांचा आकडा. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. एक्सेलच्या लेखी तो दिवस 35977. कोडने सेलला तारखेचं फॉरमॅट दिलं नाही तर जन्मतारखेच्या रकान्यात असे पाच अंकी आकडे उभे राहतात. गंमत म्हणजे या मोजणीत 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. चूक मूळ लोटसची. तिच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जपली.

उलटा प्रकार त्याहून वाईट. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल स्वतःच्या बुद्धीने आकडे ओळखू लागतं. गट क्रमांक 12/3 चा होतो 12 मार्च. 7/12 असं लिहाल तर 7 डिसेंबर. क्षेत्र 1.20, म्हणजे एक हेक्टर वीस आर, त्याचं होतं 1.2, आणि पुढचा माणूस ते दोन आर वाचतो. 1.20.50 असं चौरस मीटरसकट लिहिलं तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरतच नाही. वनहक्काच्या दाव्यांत जिथे माणूस एकेका आरासाठी वर्षानुवर्षं खेटे घालतो, तिथे याला तांत्रिक बाब म्हणून सोडून देणं मला जमत नाही. जगात हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असंही नाही. जनुकांची नावं आपोआप तारखा होत होती, म्हणून 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी जनुकांचीच नावं बदलली. गट क्रमांक बदलायची सोय तलाठ्याला नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला दिला गेला तो आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. क्रमांक 12 अंकी. आणि एक्सेलचं साधं फॉरमॅट 11 अंकांच्या पुढे गेलं की आकडा घातांकात दाखवतं: 2.34568 आणि पुढे ई अधिक 11. ती फाइल तशीच पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन झाली की शेवटचे अंक कायमचे गेले. 16 अंकी खाते क्रमांकाचं तर शेवटचं घर शून्यच होतं, कारण एक्सेल 15 अंकांपलीकडे नेमकेपणा ठेवत नाही. पैसे जमा न होण्याची कारणं बँकेत विचारली जातात. यादी कशी उघडली होती हे कुणी विचारत नाही.

मराठीचा स्वतंत्र जाच होताच. युनिकोड रुळण्याआधीच्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत. सेलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं, वर फॉन्टचा मुखवटा. कोडने नवी शीट काढताना फॉन्टचं नाव लिहिलं नाही की अख्ख्या गावाची नावं दुर्बोध व्हायची. आता युनिकोड आहे, तरी सीएसव्हीच्या सुरुवातीला यूटीएफ-8 ओळखू येण्याची तीन बाइटांची खूण घातली नाही तर एक्सेलमध्ये देवनागरीचा चिखल होण्याची भीती उरतेच.

65,536 चं काय झालं? 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये 15,841 करोनारुग्णांच्या नोंदी मोजणीतून सुटल्या, कारण प्रयोगशाळांच्या सीएसव्ही जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या आणि साचा भरला तेव्हा उरलेल्या ओळी गळून गेल्या. नवी फाइल येऊन तेव्हा 13 वर्षं झाली होती.

आजही माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत 'माहिती एक्सेलमध्ये, जुन्या आवृत्तीत द्यावी' अशी अट दिसते. ती अट घालणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: ती काढा. लाखाच्या यादीला सीएसव्ही मागा, आधार, खाते आणि गट क्रमांकाचे रकाने मजकूर म्हणून घ्या, ती फाइल डबल-क्लिकने उघडू नका, आणि यादीबरोबर एकूण ओळी किती हे वेगळं लिहून मागा. मिळालेल्या ओळी तेवढ्याच आहेत का, ते सही करण्याआधी मोजा.