कॅसेटमधला संगणक

रेडिओवरून गाणी येतात, बातम्या येतात, माझ्यासारख्यांची भाषणेही येतात. पण रेडिओवरून संगणकाचे प्रोग्रॅम येत होते, असे सांगितले तर चटकन पटणार नाही. १९८३ साली युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेड शहरात हे घडत होते. झोरान मोदली नावाचे निवेदक ‘व्हेंटिलेटर २०२’ या आपल्या कार्यक्रमात मध्येच चिरचिर असा कर्कश आवाज ऐकवत. श्रोते तो टेपरेकॉर्डरवर टिपून घेत आणि टेपरेकॉर्डर घरच्या संगणकाला जोडत. त्या आवाजातच प्रोग्रॅम असे.

त्या काळी घरगुती संगणकाची साठवणूक बहुधा गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच होई. अशा संगणकांपैकी सर्वांत गाजलेल्यांत ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’चे नाव घ्यावे लागेल. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजमधल्या कंपनीने तो २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. वहीएवढा आकार, रबराची ४० बटणे आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. कॅसेटवर शून्यासाठी आखूड लहर आणि एकासाठी तिच्या दुप्पट लांब लहर, अशी त्याची लिपी होती. मोठा खेळ कॅसेटवरून संगणकात उतरायला चार-पाच मिनिटे लागत. मुले तोवर पडद्याच्या कडेला सरकणारे रंगीत पट्टे पाहत बसत.

हे यंत्र स्वस्त कसे झाले, याची हकीकत मला फार आवडते. त्याच्या ४८ के स्मृतीपैकी ३२ के भागासाठी ज्या चिप्स वापरल्या, त्या मुळात दुप्पट क्षमतेच्या होत्या. पण कारखान्यातल्या तपासणीत त्यांचा अर्धा भाग सदोष निघालेला होता. सिंक्लेअर यांनी त्या स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा भाग तेवढा कामाला लावला. नापासांना घेऊन उभारलेला हा संगणक लाखो मुलांचा पहिला गुरू झाला.

मी कविता लिहितो, त्यामुळे मला त्याच्या मर्यादांचेही कौतुक वाटते. त्याच्या पडद्यावर ७६८ चौकोन, आणि एका चौकोनात दोनच रंग. तिसरा रंग आला की चित्र बिघडे. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रा जशा सांभाळाव्या लागतात, तसे खेळ रचणाऱ्यांना हे रंग सांभाळावे लागत. मॅथ्यू स्मिथ या तरुणाने १९८३ मध्ये ‘मॅनिक मायनर’ हा खेळ रचला तो याच बंधनात. खाणीतल्या वीस गुहा त्याने एवढ्याशा स्मृतीत बसवल्या. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोदेखील त्या स्मृतीत मावणार नाही.

ही गोष्ट केवळ विलायतेची नाही. १९८८ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. आज आपल्याकडे एखाद्या माळ्यावर असे यंत्र निघाले, तर ते बहुधा बंदच असणार. काळाने त्याचे काय केलेले असते? बटणांखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा कडक होऊन तडकतो. वीज साठवणारे छोटे कपॅसिटर सुकतात. पहिल्या काही स्पेक्ट्रममध्ये स्मृतीच्या आठ चिप्सना तीन वेगवेगळे दाब लागतात: बारा, पाच आणि उणे पाच व्होल्ट. त्यांतला उणे पाच गेला की चिप्स जळू शकतात. म्हणून जाणकार कारागीर आधी मीटर लावून हे तिन्ही दाब तपासतो, आणि मगच चिप्सना हात लावतो.

दुरुस्तीनंतरही एक अडचण उरते. हा संगणक जुन्या टीव्हीच्या चॅनेलवर चित्र पाठवतो. नवे टीव्ही ते सहसा पकडत नाहीत. मग आतली एक जोडणी बदलून चित्राचा संकेत थेट बाहेर काढतात. टेपरेकॉर्डर नसेल तर मोबाइलमधून तोच चिरचिर आवाज तारेने आत सोडतात आणि खेळ सुरू होतो. ही रफू करण्याची कला आहे. मूळ कापड तेच राहते आणि नवा धागा लागला तर तोही पुढे कोणाला उसवता यावा असा घालायचा.

काही हौशी मंडळी मात्र जुना बोर्ड काढून टाकतात आणि रिकाम्या खोक्यात आजचा तळहाताएवढा संगणक बसवतात. खेळ त्यावरही चालतात. बोर्ड खरोखरच मेलेला असेल, तर यात वावगे काही नाही. पण जो जगू शकतो त्याला केवळ सोयीसाठी काढून टाकणे मला पटत नाही. खेळाची नक्कल कितीही करता येते, पण अर्ध्या चिप्सवर उभे असलेले ते यंत्र पुन्हा कोणी बनवणार नाही. काचेच्या कपाटात ठेवलेला बंद संगणक म्हणजे न उघडलेली पोथी. तो चालू झाला, त्यावर एखादे दहा वर्षांचे पोर खेळले, तरच तो काळ वाचता येतो.

खरी काळजी मला कॅसेटची वाटते. ‘मॅनिक मायनर’ बुडणार नाही; त्याच्या प्रती जगभर आहेत. पण आपल्याकडच्या एखाद्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहून कॅसेटवर उतरवलेला प्रोग्रॅम असेल, तर त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. फितीवरचे चुंबकत्व वर्षागणिक क्षीण होते, बुरशी धरते. भंगारवाला यंत्र वजनावर घेतो, पण कॅसेटला त्याच्याही लेखी किंमत नसते.

म्हणून एवढेच सांगतो. माळ्यावर असे यंत्र सापडले तर उत्साहाने लगेच विजेला जोडू नका. त्याच्या नऊ व्होल्टच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते; आजचे बरेच अडॅप्टर याच्या उलटे असतात, चुकीचा लावला तर उरलासुरला जीवही जाईल. आधी ते रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला दाखवा. असे कारागीरही आता थोडेच उरले आहेत. आणि सोबत कॅसेट असतील, त्यांवर गाणे नसून नुसतीच चिरचिर असेल, तर ती खराब झाली म्हणून फेकू नका. ती आधी ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यात कोणाची तरी पहिली रचना असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)