ज्या गावानं आपली मेलेली माणसं नावानिशी लिहून ठेवली

आजची पोस्ट लांबलचक आहे, आणि विषय आपल्या तालुक्यापासून फार लांबचा. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चचा. "आपल्याला काय करायचंय त्याचं?" असं वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोलू.

गावाचं नाव ईम. स्पेलिंग बघून आपण 'एयाम' वाचू, पण तिथले लोक ईमच म्हणतात. डर्बीशर परगण्यातला डोंगराळ भाग, आजही हजाराच्या आतबाहेर वस्ती. गावाच्या मधोमध सेंट लॉरेन्सचं चर्च. मी तिथं गेलेलो नाही. पण कोरोनाच्या काळात या गावाबद्दल वाचायला लागलो आणि अजून ते डोक्यातून जात नाही.

आधी इमारत समजून घेऊ. चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतली उंच, टोकदार मनोऱ्यांची चर्चेस येतात. इंग्लंडमधलं खेड्याचं चर्च तसं नसतं. जवळपासच्या खाणीतला दगड, बसकी इमारत, एका टोकाला चौकोनी बुरुजासारखा मनोरा आणि त्यात घंटा. मांडणी आपल्या देवळासारखीच समजा. लोक बसतात तो लांबट सभामंडप, त्याच्या पुढं पूर्वेच्या अंगाला गाभारा, तिथं वेदी. मनोरा बहुतेक पश्चिमेला. मंडपाच्या बाजूनं खांबांची रांग आणि खांबांपलीकडं पडवीसारखा भाग. भोवती आवार, आणि आवारात गावाच्या कबरी.

अशी चर्चेस एका माणसानं एका वर्षात बांधलेली नसतात. ज्या पिढीकडं पैसा आला तिनं काहीतरी जोडलं, ज्या पिढीला पडझड दिसली तिनं डागडुजी केली. ईमच्या आवारात एक कोरीव दगडी क्रूस उभा आहे. तो सॅक्सन काळातला, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा, आत्ताच्या इमारतीहूनही जुना. त्याच्या खांबाचा वरचा एक तुकडा हरवलाय, त्यामुळं आडवा क्रूस थेट उरलेल्या खांबावर बसवलेला दिसतो. तसाच ठेवलाय, नवा तुकडा जोडून गुळगुळीत केलेला नाही. आत बाप्तिस्म्याची दोन दगडी कुंडं आहेत, एक सॅक्सन मानतात आणि एक नॉर्मन. खांब मध्ययुगातले. मनोरा नंतर नव्यानं बांधलेला. भिंतींवर जुनी चित्रं होती, ती कधीतरी चुन्याखाली गेली आणि विसाव्या शतकात चुना काढताना पुन्हा सापडली. बाहेरच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ. एकोणिसाव्या शतकातली मोठी दुरुस्ती. १९८५ सालची रंगीत काचेची खिडकी.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, आवारात हॅरी बॅगशॉ नावाच्या डर्बीशरच्या खेळाडूची कबर आहे. तिच्या दगडावर मोडलेल्या यष्ट्या कोरल्यात आणि वर अंपायरचं बोट. आउट!

थोडक्यात, हे चर्च म्हणजे त्या गावाचा सातबारा आहे. पण या सगळ्या दगडांपेक्षा मला तिथली एक वही मोलाची वाटते.

१५३८ मध्ये इंग्लंडच्या राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावानं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची आणि दर आठवड्याला लिहायची. लोक घाबरले. त्यांना वाटलं, नवा कर येतोय! पण वह्या सुरू झाल्या. पुढं गरिबांना मदत देणं, गावकीचा कर गोळा करणं अशी कामंही पॅरिशकडंच आली. चर्च हे देऊळ होतं, तसंच त्या काळची ग्रामपंचायतही होतं. तलाठ्याचं दप्तर तिथंच.

आता १६६५. लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलेलं. ईममध्ये अलेक्झांडर हॅडफील्ड नावाच्या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिरानं तो सोडला, कापड दमट होतं म्हणून विस्तवापुढं वाळत टाकलं. कापडात पिसवा होत्या, असं आज मानतात. ७ सप्टेंबर १६६५ ला व्हिकर्सचं दफन झालं. मग त्याच घरातलं मूल, मग शेजारी. हिवाळ्यात साथ जरा मंदावली. १६६६ चा उन्हाळा आला आणि पुन्हा भडकली.

गावात त्या वेळी दोन पाद्री होते, आणि त्यांचं एकमेकांशी पटण्याचं काही कारण नव्हतं. जुना थॉमस स्टॅन्ली, प्युरिटन पंथाचा. १६६० मध्ये राजेशाही परत आली, १६६२ च्या कायद्यानं सगळ्यांना एकच प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, तशी स्टॅन्लीसारख्यांची जागा गेली. त्याच्या जागी आलेला विल्यम मॉम्पेसन, तिशीच्याही आतला, बायको कॅथरिन आणि दोन लहान मुलं. गावाचा जीव जुन्यावर, खुर्ची नव्याकडं. आपल्याकडं अशा वेळी दोन गट पडतात आणि कामं ठप्प होतात, हे मी सांगायला नको.

जून १६६६ मध्ये हे दोघं एकत्र आले आणि गावापुढं तीन गोष्टी ठेवल्या.

एक, चर्चच्या आवारात दफन बंद. ज्यानं त्यानं आपला माणूस आपल्याच शेतात, परसात पुरायचा.

दोन, चर्चला कुलूप. प्रार्थना उघड्यावर, गावाजवळच्या कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, प्रत्येक कुटुंबानं अंतर राखून.

तीन, आणि हीच सगळ्यात अवघड. गावाची शीव कुणी ओलांडायची नाही. बाहेरचं कुणी आत नाही, आतलं कुणी बाहेर नाही.

शिवेवर ठरलेल्या जागी बाहेरचे लोक धान्य आणि औषधं ठेवून जात. जवळच्या चॅट्सवर्थचा अर्ल ऑफ डेव्हनशर त्यातली बरीच रसद पुरवत होता. गावकरी पैसे ठेवत ते शिवेवरच्या दगडाला पाडलेल्या भोकांत, व्हिनेगरमध्ये बुडवून. तो दगड आजही आहे.

ऑगस्ट सगळ्यात वाईट. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली. मदतीला कुणी येणार नव्हतं. तिनं स्वतः खड्डे खणले, स्वतः सातही जणांना पुरलं. गावाबाहेर माळावर दगडी कुंपणात त्या कबरी आहेत. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची बायको कॅथरिन गेली. मुलांबरोबर गाव सोड असं नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, ती गेली नाही. तिची कबर चर्चच्या आवारात, त्या जुन्या क्रूसाजवळ आहे. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा बळी गेला.

त्याच महिन्यात मॉम्पेसननं एका पत्रात हिशेब लिहिला: ७६ घरांत साथ शिरली, २५९ माणसं गेली.

आता पत्रकार म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही गोष्ट पुढं कवितांत, नाटकांत, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत शिरली आणि चकचकीत झाली. सगळं गाव हसत मरायला तयार झालं, असं नव्हतं. सुरुवातीलाच काही सुस्थितीतली घरं निघून गेली होती. मॉम्पेसननं आपली दोन्ही मुलं शीव बंद व्हायच्या आधी बाहेर पाठवली. दफन शेतात करायचं हा नियम सगळ्यांना, पण पाद्र्याची बायको आवारात. जुनी पुस्तकं गावाची वस्ती साडेतीनशे सांगतात, म्हणजे पाऊण गाव संपलं. नंतरच्या अभ्यासकांच्या मते वस्ती त्याच्या दुपटीच्या आसपास असावी. तरीही तीनातलं एक माणूस गेलं. शीव बंद केल्यामुळं आतल्या लोकांना जास्त भोगावं लागलं का, यावरही वाद आहे. आजूबाजूची गावं मात्र वाचली.

आणि शेवट तर फारच ओळखीचा. मॉम्पेसनची पुढं नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंग गावी बदली झाली, तर तिथल्या लोकांनी त्याला गावात घ्यायला नकार दिला. प्लेगच्या गावचा माणूस ना! काही काळ त्याला बाहेर झोपडीत राहावं लागलं, असं सांगतात. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून परत आलेल्या आपल्याच पोरांना आपण शाळेत, शेतात ठेवलं होतं. तेव्हा त्या ईक्रिंगवाल्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

मग या गावात वेगळं काय? माझ्या मते वेगळी ती वही. चर्चला कुलूप होतं, दफनं शेतात होत होती, विधी बंद होते. पण नाव आणि तारीख वहीत चढत राहिली. रोज. कुणाचा मुलगा, कुणाची बायको, सगळं. लिहिणाऱ्याच्या घरातलं माणूस गेलं तेही.

साडेतीनशे वर्षांनी त्या वहीनं काय केलं बघा. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी ईमच्या नोंदी, तारखा आणि कुटुंबं घेऊन गणित मांडलं. निष्कर्ष असा की, तिथल्या लागणीपैकी साधारण एक चतुर्थांश उंदीर-पिसवांकडून आणि तीन चतुर्थांश माणसाकडून माणसाला झाली असावी. प्लेग म्हणजे फक्त उंदीर, या समजाला त्यानं धक्का दिला. ज्यानं ती नावं लिहिली त्याला जंतू म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. त्यानं फक्त आपलं काम चुकवलं नाही.

आज त्या चर्चमध्ये ती नावं लोकांना वाचता येतील अशी मांडलेली आहेत. खिडकीच्या काचेवर ती गोष्ट आहे. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्या घळीत जमतं आणि प्रार्थना करतं.

आता आपल्याकडं या.

हाच प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये पुण्यात. आपल्याला शाळेत काय शिकवलं? रँड, सोजिरांनी घराघरांत घुसून घेतलेल्या झडत्या, २२ जूनची रात्र, चाफेकर बंधू. ते शिकवलंच पाहिजे. ईमनं शीव स्वतः बंद केली, पुण्यात ती बंदुकीच्या जोरावर बंद झाली, हा फरक मोठा आहे. रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले याच रोगानं गेल्या, तेही आपल्याला ठाऊक आहे. पण आपल्या गावात 'गाठीच्या रोगानं' कोण गेलं? जुनी माणसं सांगायची की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. त्यांची नावं? १९१८ च्या मानमोडीत कोण गेलं? एकही नाव आपल्याला सांगता येत नाही.

तेवढं लांब कशाला! २०२०-२१ मध्ये मी रोज संध्याकाळी बातमी लिहीत होतो. 'आज इतके बाधित, इतक्यांचा मृत्यू.' नाव लिहायचं नाही, हा नियम होता आणि त्या वेळी तो बरोबरही होता, नाहीतर त्या घराला वाळीत टाकलं असतं. पण नंतर? पाच वर्षं झाली. आपल्या गावातून त्या दोन वर्षांत नक्की किती जण गेले, याचं एकमेकांशी जुळणारं उत्तर मला आजही मिळत नाही. सरकारी आकडा वेगळा, स्मशानातल्या वहीतला वेगळा, लोकांच्या तोंडी वेगळा. मी स्वतः लिहिलेल्या बातम्या काढून बघितल्या. नुसते आकडे. माझ्या ओळखीची माणसं त्या आकड्यांत होती, आणि माझ्याच बातमीत ती मला सापडत नाहीत. ही माझीही चूक आहे, दुसऱ्याकडं बोट दाखवत नाही.

कुणी म्हणेल, झालं ते झालं, जखमा कशाला उकरायच्या? ईममध्ये जखम उकरलेली नाही, लिहून ठेवलेली आहे. उकरणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लिहिलं नाही की मग दोनच गोष्टी उरतात: अफवा आणि विसर.

म्हणून एक साधं काम सुचवतो. त्याला स्मारक नको, कोनशिला नको, कुणाचा फोटो असलेला फ्लेक्स तर नकोच नको. एक वही करू. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात आपल्या गावातून गेलेल्यांची. नाव, वय, गल्ली, तारीख, काय काम करत होते. घरच्यांची परवानगी असेल तरच. कोरोनानं गेले की दुसऱ्या कशानं, हा वाद घालायचा नाही. त्या दिवसांत खांदा द्यायलाही माणसं मिळाली नाहीत अशी सगळीच माणसं त्यात येऊ देत. एक प्रत वाचनालयात, एक नगरपालिकेत, एक देवळात, एक मशिदीत, एक बुद्धविहारात.

सुरुवात मी करतो. माझ्या गल्लीतली चार नावं आहेत, त्यांच्या घरी या रविवारी जाणार आहे. तुमच्या गल्लीचं कोण करतंय, तेवढं खाली लिहा. कुणाचं नाव मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय इथं टाकू नका.