विंचूदंशाचा उपचार आणि कृतिसंशोधन

पनवेल, प्रतिनिधी : एखादे औषध खरोखर लागू पडते की नाही, हे ठरविण्याचे काम मोठ्या इस्पितळांचे, असा सर्वसाधारण समज आहे. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे गेल्यावर रायगड जिल्ह्यातच लागणाऱ्या महाड तालुक्यात मात्र या कामाची सुरुवात एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून झाली.

बी.एड. केलेल्यांना 'कृतिसंशोधन' हा शब्द परिचित असतो. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ही संकल्पना मांडली. काम करणाऱ्यानेच आपल्या कामाची नोंद ठेवावी, कृती बदलून पाहावी, परिणाम तपासावा आणि पुन्हा बदल करावा, असे तिचे स्वरूप आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुले, दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या : उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुफ्फुसात साचणारे पाणी. ही लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. दोष हृदयावर पडणाऱ्या ताणाचा, हे ध्यानी आल्यावर रक्तवाहिन्या सैलावणारे नायट्रोप्रुसाइड वापरले गेले. ते शिरेतून द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत पहारा ठेवावा लागतो. खेड्यात हे कसे जमावे? म्हणून रक्तदाबावरील प्राझोसिन ही तोंडाने घ्यायची गोळी आली. १९८६ मध्ये तिचे अनुभवही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. बावस्कर यांच्या प्रसिद्ध नोंदींनुसार गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास उतरले. या कामाला त्यांनी कृतिसंशोधन म्हटले नसले, तरी रीत तीच होय.

या रीतीची मर्यादाही इथेच दिसते. आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची तुलना करताना रस्ते सुधारले, रुग्ण लवकर पोहोचू लागले, याचे श्रेयही औषधाच्या खात्यात जमा होऊ शकते. दुसरीकडे, तुलनेसाठी निम्म्या मुलांना औषधच द्यायचे नाही, हे कोणता डॉक्टर करील?

विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर मार्ग निघाला. महाडमध्ये ७० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले गेले. प्राझोसिन सर्वांना मिळाले, प्रतिविषाची जोड मात्र एकाच गटाला. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या जोड मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ८ होती. कोणाला काय दिले, हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, एवढी उणीव राहिली. तरीही ३२ आणि ८ यांतील अंतर केवळ त्या उणिवेने भरून निघण्याजोगे नाही.