डॉक्टरकीच्या परवान्याची किंमत

नवरा-बायको वेगळे झाले की घर, दागिने, बँकेतले पैसे यांची वाटणी करायची, हे कुणालाही समजतं. एखादं दुकान असेल तर त्याचीही किंमत काढता येते. माल, येणी-देणी, गुडविल मांडून हिशेबनीस एक आकडा सांगतो. पण घरात वाटण्यासारखं काहीच नसेल आणि साडेनऊ वर्षांच्या संसारातून फक्त नवऱ्याच्या नावाचा डॉक्टरकीचा परवाना निघाला असेल तर? न्यूयॉर्क राज्यातल्या 'ओब्रायन विरुद्ध ओब्रायन' या खटल्यात नेमकं हेच झालं.

लग्न १९७१ च्या एप्रिलमधलं. दोघंही एकाच खाजगी शाळेत शिक्षक. त्याची पदवीसुद्धा तेव्हा पुरी व्हायची होती. तिची झालेली होती, पण शिक्षिकेचं कायमचं प्रमाणपत्र मिळवायला आणखी दीड वर्ष शिकावं लागलं असतं. ते राहिलंच. १९७३ मध्ये तो मेक्सिकोत ग्वादालाहारा इथे वैद्यकीय शिक्षणाला लागला, तीही बरोबर गेली. तिथे शाळेत शिकव, शिकवण्या घे, असं करून तिने घर चालवलं. दोघांच्या माहेर-सासरहूनही मदत येत होती. तरी दहा हजार डॉलरचं शैक्षणिक कर्ज वगळता दोघांच्या मिळकतीतला ७६ टक्के वाटा तिचाच होता, असं पुढे कोर्टाने नोंदवलं. १९७६ च्या अखेरीस दोघं परतले. १९८० च्या ऑक्टोबरात त्याला परवाना मिळाला, आणि दोन महिन्यांनी त्याने घटस्फोटाचा दावा लावला!

(सासऱ्याच्या पैशावर शिकून मोठा झालेला जावई आपल्याकडच्या आज्यांनाही चांगला ठाऊक होता. फक्त त्याचा हिशेब कुणी कोर्टात मांडला नव्हता.)

१९८० मध्येच न्यूयॉर्कने वाटणीचा नवा कायदा केला होता. लग्न ही आर्थिक भागीदारी आहे, हे त्यामागचं सूत्र. तिच्या बाजूच्या तज्ज्ञाने मग एक गणित मांडलं. साधा पदवीधर सरासरी किती कमावतो आणि सर्जन किती, यातला फरक १९८५ पासून तो पासष्ट वर्षांचा होईल त्या २०१२ सालापर्यंत धरला. त्यातून इन्कम टॅक्स वजा केला, महागाई आणि व्याज हिशेबात घेतलं, आणि त्या सगळ्याची आजची किंमत काढली: ४,७२,००० डॉलर. तिने त्याच्या शिक्षणाला जो हातभार लावला त्याची किंमत याच तज्ज्ञाने १,०३,३९० डॉलर सांगितली. नवऱ्याने स्वतःचा तज्ज्ञ आणलाच नाही. कोर्टाने तिला परवान्याच्या किमतीचे ४० टक्के, म्हणजे १,८८,८०० डॉलर, अकरा वार्षिक हप्त्यांत द्यायला सांगितले.

मधल्या कोर्टाने हे फिरवलं. परवाना विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, माणसाबरोबर संपतो. मग ती मालमत्ता कशी? कोलोरॅडोच्या कोर्टाने १९७८ मध्ये एमबीए पदवीबद्दल हेच म्हटलं होतं. पण १९८५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या कोर्टाने (त्याचं नाव 'कोर्ट ऑफ अपील्स', आणि तिथलं 'सुप्रीम कोर्ट' म्हणजे खालचं कोर्ट, आता बोला!) परवाना ही संसारात मिळवलेली मालमत्ताच आहे, असा निकाल दिला.

मला या निकालातलं न्यायमूर्ती मेयर यांचं वेगळं टिपण जास्त विचार करायला लावतं. निकाल त्यांना मान्यच होता. पण हा माणूस अजून शिकाऊ डॉक्टर आहे, उद्या तो सर्जन झालाच नाही तर? कोर्टाने धरलेल्या आकड्यापायी त्याला ठरावीक वाटेवरच चालावं लागेल. दुकानाचा हिशेब चुकला तर दुकान विकता येतं. स्वतःचे हात कुठे विकणार?

आणि एकदा दार उघडल्यावर गर्दी झालीच. १९९१ मध्ये फ्रेडरिका फॉन स्टाड या ऑपेरा गायिकेचं करिअरच मालमत्ता ठरलं. लग्नाच्या वर्षी तिची कमाई २,२५० डॉलर होती, ती १९८९ मध्ये सहा लाखांवर गेली होती. इथे वाटा मागणारा नवरा होता; त्याने स्वतःचं गाणं सोडून तिला शिकवलं, मुलं सांभाळली. मग दुसरा गोंधळ सुरू झाला. पुढच्या कमाईवरून परवान्याची किंमत काढायची आणि त्याच कमाईतून पोटगीही द्यायची, म्हणजे एकच पैसा दोनदा मोजायचा! २००० साली एका वकिलाच्या खटल्यात वरच्या कोर्टाला हे थांबवावं लागलं. टॅक्सचं त्रांगडं निराळंच. पोटगी देणाऱ्याला तेव्हा वजावट मिळायची आणि घेणाऱ्याला कर लागायचा (२०१८ नंतरच्या घटस्फोटांना हे लागू नाही), पण वाटणी म्हणून दिलेल्या रकमेला वजावट नव्हती. म्हणजे रक्कम तीच, पण नाव कोणतं ठेवलं त्यावर कर कुणाच्या खिशातून जाणार ते ठरायचं.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कने कायदा बदलला आणि २०१६ पासून वाढलेली कमावण्याची ताकद मालमत्ता राहिली नाही. बाकीची मालमत्ता वाटताना मात्र जोडीदाराने त्यासाठी लावलेला हातभार लक्षात घ्यायचा, असं त्यात आहे. ऐकायला बरं वाटतं. आता त्या शिक्षिकेचा संसार या कायद्यात बसवून पाहा. वाटायला मालमत्ताच नाही, मग हातभार लक्षात घेऊन वाटणार काय? उरली पोटगी. तिने पुन्हा लग्न केलं की तीही बंद. १९८५ च्या वाटणीचे अकरा हप्ते मात्र लग्न केलं म्हणून थांबणारे नव्हते.