दिनाराची कुळकथा

पुण्याकडून येताना केडगाव ओलांडले की नगर लागते. तिथून संभाजीनगरच्या रस्त्याने पुढे गेले की ज्ञानेश्वरीचे नेवासे. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. रोमचा माल नगर जिल्ह्यात येत होता, त्याचा हा पुरावा. त्या मालाबरोबर एक शब्दही या देशात आला : दिनार.

त्याचे मूळ ‘देनारियस’, म्हणजे दहा ‘आस’ किमतीचे रोमन चांदीचे नाणे. ते इ. स. पू. 211 च्या सुमारास सुरू झाले. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापारग्रंथ सांगतो की सोन्याचांदीचे देनारियस भडोचला येत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई. पैठणचे अकीक आणि तेरचे कापड गाड्यांतून त्याच बंदरात उतरे.

आपले व्यापारी पारखी होते. रोमन सम्राट ऑगस्टसच्या नाण्यात सुमारे 3.9 ग्रॅम, जवळजवळ शुद्ध चांदी असे. इ. स. 64 मध्ये नीरोने वजन घटवले आणि हीण मिसळले. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या ठेव्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत, ती उगाच नव्हेत.

पुढे रोमचे दिवस फिरले. 193 मध्ये एकाच वर्षात पाच जणांनी सम्राटपद मिरवले किंवा त्यावर हक्क सांगितला. सैन्याचे पगार भागवताना सेप्टिमियस सेव्हेरसने चांदी निम्म्यावर आणली. 215 मध्ये कॅराकॅलाने नवे नाणे काढले : किंमत दोन देनारियसची, चांदी दीडाचीही जेमतेम. 260 मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती कैद झाला. त्याचा मुलगा गॅलिएनस याच्या अखेरच्या नाण्यांत चांदी पाच टक्क्यांहूनही कमी उरली. बाकी तांबे, वर चांदीचा मुलामा. देनारियस पाडणे तर 240 नंतर जवळजवळ थांबलेच होते.

नाणे गेले, नाव मात्र सोन्यावर चढले. रोमन लोक आपल्या सोन्याच्या नाण्यालाही ‘सोन्याचा देनारियस’ म्हणत. गुप्तांची सुवर्णमुद्रा ‘दीनार’ झाली. सांचीच्या 412 च्या सुमाराच्या लेखात 25 दीनारांचे दान कोरले आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्द अल-मलिकने आपल्या सोन्याच्या नाण्यालाही हेच नाव ठेवले. आपला ‘दाम’ही असाच परदेशी : ग्रीक ‘द्राख्मा’, त्याचा ‘द्रम्म’ आणि त्याचा दाम.

कुवेतला नोकरीला गेलेला मराठी माणूस आजही पगार दिनारांतच मोजतो.