विलीज सीजे-३बी जीपच्या गिअरबॉक्स व क्लचची तपासणी

विलीज सीजे-३बी ही १९५३ साली अमेरिकेत बाजारात आलेली, चारही चाकांना शक्ती पुरवणारी जीप होय. भारतात महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने परवान्याखाली तिचे उत्पादन केले. या जीपच्या पुनरुज्जीवनात इंजिन व गिअरबॉक्स वेगळे केल्यानंतर पुढील तपासणी केली जाते.

गिअरबॉक्स: मूळ टी-९० गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे तीन गिअर असून पहिल्यास सिंक्रोमेश नसते. प्रथम ऑइल काढून त्यातील धातूचे कण पाहतात. पितळी रंगाचा चुरा सिंक्रो रिंगची झीज, तर पोलादी तुकडे दात किंवा बेअरिंगची मोडतोड सुचवतात. त्यानंतर दातांच्या कडा व शाफ्टचा ढिलेपणा तपासला जातो.

क्लच: यात एकच कोरडी प्लेट असते. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असल्यास प्लेट बदलावी लागते. प्लेट ऑइलने भिजलेली आढळल्यास गळती इंजिनाकडून आहे की गिअरबॉक्सकडून, हे आधी ठरवणे आवश्यक असते. अन्यथा नवी प्लेटही भिजून घसरू लागते. फ्लायव्हीलवरील निळसर डाग अतिउष्णतेचे निदर्शक असतात.

सुरक्षा: जुन्या अस्तरांत आरोग्यास घातक ॲसबेस्टॉस असू शकते. त्यामुळे क्लचमधील धूळ दाबाच्या हवेने उडवली जात नाही. ती ओली करून पुसून काढतात.