कुत्रीचे निर्बीजीकरण : भुलीची धास्ती आणि नंतरचे दहा दिवस

पाळलेल्या कुत्रीची नसबंदी करायचे ठरले, की घरातील माणसांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो भुलीचा. ती भुलीतून उठेल ना? बोलता न येणाऱ्या प्राण्याला आपण मुद्दाम वेदनेत लोटतो आहोत, ही बोचही असतेच. मोठ्या शहरात ही चिंता निदान चार दवाखाने फिरून, चार मते ऐकून हलकी करता येते. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठी वसलेल्या किनवटसारख्या गावात तिच्यात अंतराची भर पडते. जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे किलोमीटरहून दूर आणि सीमेपलीकडचे आदिलाबाद त्याहून जवळ, पण दुसऱ्या राज्यात. तालुक्यातील पशुवैद्यकांचा दिवस मुख्यतः बैल, गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो. कुत्र्यावर पोटाची शस्त्रक्रिया त्यांना येत नाही असे मुळीच नाही; पण ती किती वेळा करावी लागते आणि त्यासाठी दवाखान्यात सोय कोणती आहे, हे विचारून घेणे भाग आहे. मराठवाड्यात परभणी येथे १९७२ पासून आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. वय झालेल्या किंवा आधीच आजारी असलेल्या कुत्रीसाठी तेथील रुग्णालयांचा विचार अंतर सोसूनही करण्याजोगा ठरतो.

या शस्त्रक्रियेत पोटाच्या मध्यरेषेवर, काही वेळा उजव्या कुशीत, छेद घेऊन दोन्ही बीजांडकोश व बहुधा गर्भाशयही काढले जाते. रक्तवाहिन्या बांधून पोटाचे थर एकेक करून शिवले जातात. आतील टाके विरघळणारे असतात, बाहेरचे काढावे लागतात. निरोगी, तरुण कुत्रीवर सरावलेला शल्यचिकित्सक हे काम साधारण अर्ध्या ते एका तासात उरकतो. मात्र ‘छोटेसे ऑपरेशन’ हे त्याचे वर्णन खरे नाही. पोट उघडून एक अवयवसंस्था काढून टाकणारी ही मोठी शस्त्रक्रिया आहे. रोजची झाल्यामुळे ती किरकोळ ठरत नाही.

मग ती करायचीच कशाला? नको असलेली पिल्ले, हे उत्तर सर्वांना ठाऊक असते. कुत्रीचा गर्भकाळ अवघा ६३ दिवसांच्या आसपास असतो आणि एका वेतात पाच-सहा पिल्ले होणे सामान्य आहे. त्यांना घरे शोधताना जी दमछाक होते, ती एकदा अनुभवलेले कुटुंब दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही. पण याहून गंभीर कारण आजाराचे आहे. माज ओसरल्यानंतर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू साठण्याचा विकार प्रौढ कुत्र्यांमध्ये वारंवार दिसतो. स्वीडनमधील पशुविम्याच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, निर्बीजीकरण न झालेल्या कुत्र्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश कुत्र्यांना वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा विकार झाल्याचे आढळले. त्यावर उपाय पुन्हा तीच शस्त्रक्रिया, पण तेव्हा रुग्ण तापाने फणफणलेला, रक्तात विष भिनलेला असतो. किनवटहून रात्री निघून नांदेड गाठण्याची वेळ येते ती अशा प्रसंगी. आज निरोगी कुत्रीवर शस्त्रक्रिया करण्याची भीती तोलताना, पारड्याच्या दुसऱ्या बाजूला हा प्रसंग ठेवला पाहिजे.

स्तनांच्या गाठींबाबत १९६९ मधील एका अमेरिकी अभ्यासाचे आकडे सर्वत्र सांगितले जातात. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर धोका अर्ध्या टक्क्यावर, पहिल्यानंतर आठ टक्क्यांवर आणि दुसऱ्यानंतर सव्वीस टक्क्यांवर येतो, असे ते आकडे. मूळ हिशेब निर्बीजीकरण न झालेल्या कुत्र्यांच्या तुलनेतला आहे. तो ‘शंभरातील इतक्या कुत्र्यांना कर्करोग’ असा वाचला जातो, तो चूक. शिवाय २०१२ मधील एका फेरआढाव्याने या विषयावरील एकूण पुरावा कमकुवत ठरवला. तेव्हा पहिला माज येऊन गेला म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

वेळ कोणती निवडावी, याला भाद्रपदाचा संदर्भ आहे. आपल्याकडे गावकुत्र्यांचा माज प्रामुख्याने पावसाळ्याच्या अखेरीस येतो आणि कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. घरात वाढलेली कुत्री मात्र पंचांग पाळतेच असे नाही. ती साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात, मोठ्या वंशाची असल्यास आणखी उशिरा, प्रथम माजावर येते आणि पुढे सहा-सात महिन्यांनी हे चक्र फिरते. माजात असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून त्या काळात शस्त्रक्रिया टाळतात. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबणे इष्ट. त्यापूर्वी घाई केली तर खोट्या गर्भारपणाने दूध उतरण्याचा त्रास रेंगाळू शकतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या वजनदार वंशांत सांध्यांची वाढ पुरी होऊ द्यावी, असे अलीकडच्या संशोधनाचे सांगणे असल्याने त्यांच्या बाबतीत वर्षभर थांबण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात. पिल्लांचा एक तरी वेत होऊ द्यावा, नाहीतर कुत्री झुरते, ही समजूत गावोगाव आहे. तिला वैद्यकीय आधार नाही.

आता भूल. ब्रिटनमधील शंभराहून अधिक दवाखान्यांत भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण सुमारे दोन हजारांत एक, तर आजारी कुत्र्यांमध्ये पंचाहत्तरांत एक आढळले. ते दवाखाने ब्रिटनमधले. प्राणवायू, श्वासनलिका, नाडीवर लक्ष ठेवणारी माणसे तेथे हाताशी. हे आकडे किनवटला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरी दोन गोष्टी येथेही तितक्याच खऱ्या आहेत. पहिली, निरोगी आणि आजारी यांच्यातील तफावत प्रचंड आहे. दुसरी, मृत्यूंपैकी जवळपास निम्मे शस्त्रक्रिया संपल्यानंतर घडले होते आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांत. शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती जी धास्ती एकवटते, तिचा बराचसा वाटा या दोन ठिकाणी हलवला पाहिजे : आधीची तपासणी आणि नंतरची जाग.

आधीच्या तपासणीत आपल्या हवामानात सर्वांत महत्त्वाचा शत्रू गोचीड आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांना जंगल, गावात गुरांचे गोठे आणि बाराही महिने पुरेशी ऊब. गोचिडांना याहून काय हवे? त्यांच्यामार्फत पसरणारा एर्लिकिया हा जंतू कुत्र्याच्या शरीरात महिनोन् महिने गुपचूप राहतो. कुत्री जेवते, खेळते, भुंकते, पण रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट हळूहळू घटत जातात. अशा कुत्रीचे पोट उघडल्यावर रक्त थांबता थांबत नाही. निरोगी कुत्र्यात बिंबिका साधारण दोन ते पाच लाख असतात. त्या एक लाखाखाली असतील तर आधी उपचार करणे शहाणपणाचे. डॉक्सिसायक्लिनचा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे चार आठवडे चालतो, नंतर रक्त पुन्हा तपासायचे. म्हणून ‘तब्येत ठणठणीत आहे, रक्त कशाला काढता’ हा आग्रह मालकांनी धरू नये. उलट डॉक्टरांनी सांगितले नाही तरी ही तपासणी मागून घ्यावी. गावातील प्रयोगशाळांची यंत्रे माणसांच्या रक्तपेशींच्या आकारावर बेतलेली असतात, त्यामुळे आकडा संशयास्पद वाटल्यास काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक खात्रीचे.

वजन अंदाजाने सांगू नये. भुलीच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते आणि केसाळ कुत्रीचा अंदाज हमखास चुकतो. वजनकाट्यावर तिला घेऊन उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे, इतकी साधी ही गोष्ट. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी वंशांत थायोपेंटोनसारख्या औषधाची भूल फार उशिरा उतरते. लातूरकडे पाळल्या जाणाऱ्या कारवानी व पश्मी कुत्र्यांची अंगकाठी त्याच धाटणीची असल्याने, तशी कुत्री असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. श्वासनळीत नळी घालणार का, प्राणवायू आहे का, वेदनाशामक इंजेक्शन देणार का, रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. वायूची भूल नसून इंजेक्शनची आहे, एवढ्या कारणाने डॉक्टर बदलण्याची गरज नाही. देशभर भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणात इंजेक्शनची भूल सर्रास वापरली जाते. फरक पडतो तो सरावाने आणि लक्ष ठेवण्याने.

उपाशी किती ठेवायचे, हा घरातील वादाचा विषय. पूर्वी आदल्या रात्रीपासून कडक उपास असे. आता निरोगी प्रौढ कुत्रीला चार ते सहा तासही पुरेसे मानले जातात. आपल्या डॉक्टरांची जी सूचना असेल ती पाळावी, मात्र पाणी फार आधी तोडू नये. आजीने दयेपोटी पहाटे घातलेली दूध-पोळी ही भुलीत उलटी होऊन फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, हे घरातील प्रत्येकाच्या कानावर घातलेले बरे.

शस्त्रक्रिया नांदेडला करायची असेल तर त्याच दिवशी परतीचा हट्ट धरू नये. पहिले तीन तास दवाखान्यात आणि जमल्यास रात्र शहरातील नातेवाइकांकडे काढावी. रेल्वेत प्रथम वर्गाचा स्वतंत्र कक्ष आरक्षित नसेल तर कुत्र्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. ताज्या टाक्यांसह असा प्रवास घडवणे योग्य नाही. मोटारीने जायचे तर भर दुपार टाळावी. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे असताना, अर्धवट भुलीत असलेली कुत्री धापा टाकून अंगातील उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही. याउलट दवाखान्यातून बाहेर येताना ती थंडीने कुडकुडतही असते, तेव्हा पातळ चादर जवळ असावी.

पहिल्या रात्री कुत्री कण्हते, भिंतीकडे बघत बसते, ओळखीच्या हाकेलाही दाद देत नाही. हे पाहून घरच्यांचे काळीज हलते. पण यात भुलीच्या अंमलाचा भाग मोठा असतो. नळीमुळे एक-दोन दिवस खोकलाही येतो. खरी चाचणी हिरड्यांची. शस्त्रक्रियेपूर्वीच तिचा ओठ उचलून हिरडीचा रंग पाहून ठेवावा, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परततो का हे बघावे. नंतर हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट फुगले, अंग गार पडले किंवा सात-आठ तासांनंतरही ती उभी राहीना, तर आतून रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, उलट्या थांबेनात किंवा जखमेतून दुर्गंधी येऊ लागली, तरी डॉक्टर गाठावा.

वेदना दिसली की घरातील औषधांच्या डब्याकडे हात जातो. तो थांबवावा. माणसांसाठीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या कुत्र्याच्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंडे निकामी करू शकतात. (गिधाडांच्या ऱ्हासाला कारण ठरल्याने डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर देशात २००६ मध्ये बंदी आली, ती कथा वेगळी.) डॉक्टरांनी दिलेले मेलॉक्सिकॅमसारखे औषध जेवणानंतर, सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. या काळात बिघडते ते चाटण्याने. कुत्र्याची लाळ जखम भरते हा लोकप्रिय भ्रम आहे. प्रत्यक्षात खरखरीत जिभेपुढे टाके टिकत नाहीत. गळ्यात बांधायची प्लास्टिकची नरसाळ्यासारखी कॉलर किनवटला मिळेलच असे नाही, ती आधी मागवून ठेवावी. नसल्यास लहान मुलाचे जुने सुती बनियन घालून शेपटीच्या बाजूने गाठ मारली तरी बरेचसे काम भागते. जखमेवर हळद किंवा राख भरू नये. पावसाळ्यात माशीची धास्ती मोठी. ओलसर जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसभरातच किडे बाहेर पडतात. दिवसातून दोनदा उजेडात पोट पाहणे, अंघोळ टाळणे, बसायची जागा कोरडी ठेवणे, एवढ्याने ते टळते. अंगणात मोकळी वावरणारी कुत्री या दिवसांत घरात ठेवावी, बाहेर नेताना साखळी असावी. उडी मारणे आणि जिने चढणे बंद. पाचव्या-सहाव्या दिवशी ती अगदी पूर्ववत वाटू लागते आणि नेमके तेव्हाच घरचे सैल पडतात.

निर्बीजीकरण शिबिरात नेणार असाल तर एक बारीक गोष्ट. भटक्या कुत्र्यांच्या कानाला शस्त्रक्रियेची खूण म्हणून छोटी खाच पाडतात. ही कुत्री पाळीव आहे, असे आधीच स्पष्ट सांगावे. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर, तर पाळीव प्राण्याच्या लसीकरण व निर्बीजीकरणाची मालकावर आहे.

राखण करण्याची वृत्ती शस्त्रक्रियेने जात नाही. शेतावरच्या कुत्रीबाबत हा प्रश्न हमखास विचारला जातो. वजन मात्र वाढते, कारण शरीराची अन्नाची गरज सुमारे पाव हिश्शाने घटते आणि भूक तेवढीच राहते. टाके निघाल्यापासून ताटातली एक भाकरी कमी केली तर पुढचे बरेच त्रास वाचतात. काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या वंशाच्या, काही महिन्यांनी वा वर्षांनी झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. त्यावर औषध आहे. ती हट्टाने घाण करते असे समजून तिला मारहाण होते, म्हणून अंथरुण ओले दिसू लागल्यास लघवीची तपासणी आधी करून घ्यावी.